ऑगस्टअखेरचा गणपती

आमच्या विमा कंपनीची एक गृहपत्रिका निघायची. तीन महिन्यांतून एकदा, गुळगुळीत कागदावर. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, दुसऱ्यावर अध्यक्षांचा संदेश, तिसऱ्यावर अध्यक्ष कुठेतरी झाड लावताना. इतकी वर्षं पाहून माझी खात्री झाली होती की झाड एकच आहे आणि फोटोपुरतं ते गावोगाव फिरवतात. त्यापुढे बढत्या, बदल्या, निवृत्त्या, कर्मचाऱ्यांच्या मुलांचे दहावीचे टक्के, आणि शेवटच्या पानावर एखाद्या विभागीय अधिकाऱ्याची आईवरची कविता. मधे शाखांच्या बातम्यांचं एक पान असे. त्यातला पेण शाखेचा मजकूर मी लिहीत असे.

हे काम माझ्याकडे आलं कारण शाखेत आम्ही चारच माणसं. साहेबांना लिहिण्याचा कंटाळा, रोखपालाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे आणि शिपाईमामा चौथीपर्यंत शिकलेले. उरलो मी. रोह्याहून रोज गाडीने येणारा, पस्तिशीतला, आणि आपण या सगळ्यांपेक्षा शहाणे आहोत अशी पक्की समजूत असलेला सहायक. बातमी कशी लिहायची हे मला दोन अंकांत कळलं होतं. चहाला चार माणसं आली की 'ग्राहक मेळाव्यास उत्स्फूर्त प्रतिसाद'. साहेबांनी कपाटावरची धूळ झटकायला लावली की 'स्वच्छता सप्ताह उत्साहात संपन्न'. मी हे लिहून मनातल्या मनात हसत असे आणि छापून आलं की तो अंक घरी नेऊन बायकोला दाखवत असे. दोन्ही एकदम करता येतं.

इतर कंपन्या ज्या वस्तूंकडे बघून नाक मुरडतात त्यांचे विमे उतरवणं ही आमच्या कंपनीची खासियत. खाडीतले मचवे, मिठागरावरच्या मिठाच्या राशी, दुभत्या म्हशी, आणि पेणच्या शाखेत अर्थातच गणपती. हमरापूर, जोहे या बाजूला घराघरात मूर्तींच्या शेडी. त्यांतले बरेच आमचे ग्राहक.

मूर्तिकाराच्या शेडमधला माल वर्षभर वाढत जातो आणि एका दिवशी संपतो. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी तो सोन्याचा असतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेल्या मूर्तीकडे कोणी ढुंकून बघत नाही. म्हणून आमच्या शाखेत एक जुनी रीत होती. माझ्या आधीच्या काळातल्या कुणा साहेबांनी ती घालून दिली होती. मूर्तीच्या विम्याच्या कागदावर मुदतीच्या रकान्यात तारीख लिहायची नाही. शाईच्या पेनाने लिहायचं, 'गणेश चतुर्थीपर्यंत'. चतुर्थी कधी, हे पेणमध्ये कोणाला विचारावं लागत नाही. इतकी वर्षं त्या दोन शब्दांवर विमे उतरले, दावे आले, दिलेही गेले आणि मुदतीवरून एकदाही वाद झाला नाही. म्हणजे रीत चांगली होती. चांगली होती म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांत आली नाही आणि कोणी ती जपलीही नाही.

मग आमच्याकडे कॉम्प्युटर आला.

आधी तो रोह्याच्या ऑफिसात आला, कारण तिथे कारखान्यांचे मोठमोठे विमे. वर्षभराने आम्हाला मिळाला. त्याच्यासाठी साहेबांच्या केबिनशेजारची खोली रिकामी करून तिला काच लावली, एसी बसवला आणि दारावर पाटी लागली, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. आम्ही मे महिन्यात बाहेर घामाने निथळत बसायचो आणि तो आत गार. वीज गेली की पंखे बंद पडत, त्याच्यासाठी मात्र बॅटरी होती. जोह्याहून येणारे मूर्तिकार त्या खोलीपुढे चपला काढून हात जोडूनच उभे राहत. जो माणूस घरी शंभर गणपतींच्या मधून वाट काढत लाथेने रंगाचा डबा सरकवतो, तो आमच्या ऑफिसात एका पेटीपुढे अनवाणी. मला याची गंमत वाटे. पाटी मीच रंगवून घेतली होती.

कॉम्प्युटरच्या मागोमाग सुधारणा येऊ लागल्या. दर दोन-तीन महिन्यांनी मुख्य कार्यालयातून नवी फ्लॉपी. ती रोह्याच्या ऑफिसात उतरे आणि मी रोह्यातच राहत असल्यामुळे ती पेणला आणण्याचं काम माझं. सोबत लेखी सूचना असे की फ्लॉपी लोखंडाजवळ नेऊ नये. मी आगगाडीने येत असे. शेवटी बायकोने एक प्लॅस्टिकचा डबा दिला. एका डब्यात पोळीभाजी आणि एका डब्यात कंपनीचं भवितव्य घेऊन मी दिवा पॅसेंजरच्या लाकडी बाकावर बसत असे.

प्रत्येक सुधारणा आधीची एक चूक काढायची आणि दोन नव्या घालायची. एकीने सगळ्या ग्राहकांच्या नावांची अदलाबदल केली आणि आठवडाभर एका मचव्याचा मालक विधवा होता. दुसरीनंतर म्हशीच्या विम्यात 'व्यवसाय' हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. आम्ही विचार करून 'गृहिणी' भरलं. कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतलं. मुख्य कार्यालयानेही घेतलं. गृहपत्रिकेत मात्र प्रत्येक वेळी ठळक मथळा, 'आधुनिकतेकडे आणखी एक पाऊल'. पेण शाखेपुरता तो मजकूर माझाच असे.

मूर्तींच्या विम्याची सुधारणा करायला मुंबईहून खास एक तरुण अधिकारी आला. टाय लावून, फेब्रुवारीत. तो गिरगावातला, घरी पिढ्यांचा गणपती असलेला, हे मुद्दाम सांगतो. त्याने मला शेजारी बसवून एकेक रकाना विचारला. शेडचं छप्पर कशाचं, मूर्ती शाडूच्या की प्लॅस्टरच्या, रंगवलेल्या की कच्च्या. मग म्हणाला, "मुदत?"

"चतुर्थीपर्यंत," मी म्हटलं.

"तसं चालत नाही. डेट सांगा."

मी मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या वर्षी चतुर्थी ऑगस्टच्या अगदी शेवटाला होती. मी म्हटलं, "ऑगस्टअखेर धरा."

त्याने धरलं. नुसतं धरलं नाही, पक्कं करून टाकलं. "आता दरवर्षी ही डेट आपोआप येईल," तो म्हणाला. "कुणाला बदलता येणार नाही. चुकायची भीतीच नको."

काचेच्या त्या गार खोलीत आम्ही तिघे होतो. तो, मी आणि मागे उभे असलेले साहेब. तिघांच्याही घरी गणपती. तिघांनाही लहानपणापासून ठाऊक की गणपती कधी ऑगस्टात येतो, कधी सप्टेंबरात, आणि अधिक महिना आला तर पार सप्टेंबराच्या मध्यापर्यंत जातो. शाळेतल्या मुलाला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण त्या खोलीत चपला बाहेर काढल्या होत्या, तशी अक्कलही बाहेरच राहिली होती. दुपारी तो अधिकारी जोह्याला जाऊन घरच्यासाठी एक गणपती सांगून आला. कधी न्यायला येणार, हेही त्याने पंचांग बघूनच ठरवलं असेल.

ते वर्ष निभावलं. चतुर्थी ऑगस्टात झाली, मुदतही ऑगस्टात संपली, आणि मी अंकात लिहिलं, 'मूर्ती विम्याचे शंभर टक्के संगणकीकरण करणारी पहिली शाखा'. दुसरी शाखा कोणती असणार होती, हे कोणी विचारलं नाही.

पुढच्या जानेवारीत शिपाईमामांनी नवं कॅलेंडर भिंतीला लावलं आणि त्याची पानं उलटता उलटता तोंड कडू केलं. मामा वडखळकडचे, मिठागरावर जन्म गेलेल्या घरातले. म्हणाले, "भाऊसाहेब, औंदा आषाढ दोन हायेत. धोंड्याचा महिना आला. मना दोन जावय. मेलो."

मी हसलो. मामा पुढे म्हणाले, "चवथ पण लांब गेली मंग. तुमच्या त्या पेटीला ठाव हाय काय?"

"मामा, त्या पेटीला सगळं कळतं," मी म्हटलं.

मला आजही तो आवाज ऐकू येतो. माझाच.

त्याच आठवड्यात जोह्याची मावशी विमा उतरवायला आली. पन्नाशीची, नवरा गेल्यावर शेड एकटीने चालवणारी. प्लॅस्टरचे मोठे गणपती करून मुंबईच्या व्यापाऱ्यांना देणारे पुष्कळ होते. ती शाडूचेच करी, घरगुती, आणि डोळ्यांची आखणी स्वतःच्या हाताने. पेण तालुक्यातली घरं आपापला लाकडी पाट तिच्याकडे आधीच नेऊन देत. पाटाखाली खडूने घराचं नाव लिहिलेलं असे आणि चतुर्थीला त्या घरचा गणपती त्याच पाटावर बसून निघे. मीही त्यांतलाच. आमचा पाट दर वर्षी रोह्याहून मी तिच्याकडे पोचवत असे. ती मला भाऊसाहेब म्हणायची, मी तिला मावशी.

मी बटणं दाबली. प्रिंटरने करकर करत कागद काढला. सगळा इंग्रजीत. पूर्वीचा मराठी कागद ती स्वतः वाचायची, अडखळत, पण वाचायची. हा तिने उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "भाऊसाहेब, चवथीपर्यंत हाय ना?"

मी तेव्हा गृहपत्रिकेचा मजकूर लिहीत होतो. मान वर न करता म्हटलं, "हो, हो. चवथीपर्यंत."

तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि चपला घालून गेली. माझ्या आयुष्यातलं इतकं छोटं आणि इतकं महागात पडलेलं वाक्य मला दुसरं आठवत नाही.

आषाढातल्या त्या अधिक महिन्यात माझी रोह्यातच सासरी पूजा झाली. तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, कपाळाला कुंकू. साहेबांनाही त्यांच्या सासरहून काही आलं, ते त्यांनी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. महिनाभर आम्ही अनारसे खात होतो. मुंबईत बसलेला तो टायवालाही कुणाचा तरी जावई असला तर खातच असेल. इतके अनारसे खाऊनसुद्धा महिना वाढला म्हणजे चतुर्थी पुढे गेली आणि चतुर्थी पुढे गेली म्हणजे आपले सगळे विमे आधीच संपणार, हा हिशेब आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शिरला नाही. मामांच्या शिरला होता. त्यांना आम्ही चहा आणायला पाठवत होतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस पाऊस लागला आणि त्यातच अमावास्या नसताना खाडीचं पाणी चढलं, कुठला तरी बंधारा फुटला म्हणाले. जोह्याच्या खालच्या बाजूच्या शेडींत सकाळी गुडघाभर पाणी शिरलं. प्लॅस्टर भिजलं तरी सुकतं, पुन्हा रंग मारता येतो. शाडूचं तसं नाही. शाडू पाण्यात बसला की परत माती होतो.

दुपारी मावशी ऑफिसात आली. कोपरापर्यंत हात चिखलाने राखाडी, लुगड्याचा काठ ओला. काचेच्या खोलीपुढे तिने सवयीने चपला काढल्या. तिच्या पायांनी फरशीवर शाडूचे ठसे उमटले आणि साहेबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं.

"खालच्या दोन फळ्यांवरचं समदं गेलं," ती म्हणाली. "लोकांचे पाट तरंगत व्हते. मी कंपनीला सांगाया आले. पाणी उतरायच्या आदी कोणतरी येऊन बघून जावा."

मी तिचा नंबर कॉम्प्युटरवर काढला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली. मुदत संपली होती. सहा दिवसांपूर्वी.

मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे ते जबाबदारीतून मोकळे झाले. म्हणाले, "हे रोह्याला पाठवावं लागेल. तिथले मोठे साहेब काय ते ठरवतील."

आता माझं सांगतो. मी सात वर्षं रोह्याला बदली मागत होतो. रोज पहाटे उठून गाडी गाठायची, संध्याकाळी आठला घरी पोचायचं, याला कंटाळलो होतो. त्या वर्षी यादीत माझं नाव पहिलं होतं, आणि यादी त्याच मोठ्या साहेबांच्या टेबलावर होती. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा ते मला कारण वाटलं होतं, एवढंच.

चार दिवसांनी मावशीला रोह्याला बोलावलं. ती मामांबरोबर एसटीने आली. चतुर्थी तोंडावर आलेली, शेडमध्ये तिची नणंद आणि पुतण्या पुन्हा मूर्ती साच्यातून काढत बसलेले, आणि ही अर्धा दिवस मोडून कंपनीचा न्याय मागायला आलेली. नखांत माती तशीच होती. मोठे साहेब सज्जन गृहस्थ होते. टेबलाच्या काचेखाली गृहपत्रिकेतला स्वतःचा फोटो ठेवत, पण सज्जन. त्यांनी तिला खुर्ची दिली, कागद समोर ठेवला आणि मला विचारलं, "यांचं म्हणणं असं की तुम्ही चतुर्थीपर्यंत म्हणून सांगितलंत. पूर्वीचे सगळे कागदही तसेच आहेत. तुमच्याकडून तसं सांगितलं गेलं असेल तर मला वर लिहिता येईल, की चूक शाखेची आहे, ग्राहकाची नाही. मग काहीतरी होऊ शकेल. सांगितलं होतंत का?"

प्रश्न सोपा होता. उत्तर त्याहून सोपं. एक 'हो' मी जानेवारीत मान वर न करता दिला होता, तोच आता मान वर करून द्यायचा होता.

मी म्हणालो, "साहेब, मी प्रिंट दिला. त्यावर तारीख छापलेली आहे."

"मी इचारलं व्हतं," मावशी म्हणाली. ती त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलत होती. "तुमी हो म्हनालात, भाऊसाहेब. तुमी लिवत व्हतात कायतरी, पन हो म्हनालात."

"तारीख छापलेली आहे," मी पुन्हा म्हणालो.

मामा दाराशी उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं. मोठ्या साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, बहुतेक त्यांना कळलं असावं, पण कळण्याला रकाना नसतो. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मावशी उठली. भांडली नाही. कागद तिने टेबलावरच ठेवला. मामांना म्हणाली, "चला. यष्टी चुकंल."

त्या वर्षी तिने रात्रंदिवस खपून जमतील तितक्या मूर्ती पुन्हा केल्या. तरी पंधरा-वीस घरं पाट परत घेऊन दुसरीकडे गेली. पाट परत नेणाऱ्यांना दोष कसा देणार? घरी गणपती तर बसायलाच हवा. आमचा पाट न्यायला मी गेलो नाही. मनाशी ठरवलं होतं की बाजारातून एखादा प्लॅस्टरचा घेऊ आणि बायकोला काहीतरी सांगू. पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी मामा ऑफिसात आले ते हातात आमचा पाट घेऊन. पाटावर गणपती, वरून धुतलेलं फडकं.

"मावशीनी धाडलाय," मामा म्हणाले.

गाडीत मी फडकं उचलून बघितलं. मूर्ती नवी होती, माती पुरती सुकलेली नव्हती, पाठीला बोट लावलं तर गार लागत होतं. आखणी मात्र नेहमीसारखीच, एका रेषेत, कुठे हात हललेला नाही. माझ्यासाठी तिने कमी केलं नव्हतं आणि जास्तही केलं नव्हतं. घरी आरतीला मी दीड दिवस त्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं. मला लाज वाटत होती. शब्द साधा आहे, पण दुसरा नाही.

लाज वाटत होती तरी मी पुढचा मजकूर लिहिलाच. डिसेंबरच्या अंकात छापून आलं, 'मूर्ती विमा विभागात यंदा शून्य दावे, पेण शाखेची अभिनंदनीय कामगिरी'. सोबत साहेबांचा आणि माझा कॉम्प्युटरशेजारी उभा फोटो. त्याच अंकाच्या तिसऱ्या पानावर एक मोठी बातमी होती. मुख्य कार्यालयाने सखोल अभ्यासानंतर मूर्ती विम्याच्या प्रणालीत क्रांतिकारी सुधारणा केली आहे, यापुढे पुढील दहा वर्षांच्या गणेश चतुर्थीच्या तारखा संगणकात आधीच भरलेल्या असतील. त्या टायवाल्याला बढती मिळाली होती. त्याचा फोटो अध्यक्षांच्या झाडाशेजारी होता. ज्या गोष्टीसाठी शाईचे दोन शब्द पुरत होते, ती गोष्ट त्यांनी दोन वर्षं, चार फ्लॉप्या आणि एका बाईची शेड खर्च करून परत मिळवली होती, आणि तिला शोध असं नाव दिलं होतं. ती फ्लॉपी रोह्याहून मीच आणली. प्लॅस्टिकच्या डब्यातून.

जानेवारीत माझी बदलीची ऑर्डर आली. पेणमधला माझा शेवटचा आठवडा चालू असताना मावशी विमा उतरवायला आली. मला वाटलं होतं येणार नाही. पण शेडवर बँकेचं कर्ज होतं, आणि बँकेला विम्याचा कागद लागतो, मग तो कसाही असो.

तिने काचेच्या खोलीपुढे चपला काढल्या. मी बटणं दाबली. प्रिंटर करकरला. कागदावरची तारीख मी स्वतः दोनदा पाहिली, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली. यंदा ती बरोबर होती. कागद तिच्या हातात देताना मी तयारीत होतो. ती विचारणार, आणि मी या वेळी तिच्या डोळ्यांकडे बघून, नीट, तारीख वाचून दाखवून सांगणार. सांगून झाल्यावर आणखीही काही सांगणार. ते मी गाडीत मनाशी जुळवून आणलं होतं.

तिने कागद घेतला, उलटासुलटा करून पाहिला. मग वळली आणि दाराशी स्टुलावर बसलेल्या मामांकडे गेली.

"दादा," ती म्हणाली, "जरा बघ रं. चवथीपर्यंत हाय ना?"

मामांना इंग्रजी येत नव्हतं, आकडे मात्र येत. त्यांनी चष्मा लावला, कागद डोळ्यांपासून लांब धरला, ओठ हलवत आकडे वाचले आणि मग उठून कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान काढून त्यावर बोट टेकवलं.

"हाय," मामा म्हणाले.

तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि काचेबाहेर येऊन चपला घातल्या. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो.